यंदा काय पण नाय

कुंदा, आधी तो हात खाली कर.

तुझा उजवा हात म्हणतेय मी. तुझ्याबद्दल कोणी काही चांगलं बोलायला तोंड उघडलं, की तो कानाशी वर जायचा, कापलेल्या फणसावरच्या माश्या हाकलाव्यात तसा, आणि पाठोपाठ तुझं ठरलेलं, "हट्, काहीतरीच काय!" त्या हातानं माझं एक साधं वाक्य इतकी वर्षं पुरं होऊ दिलं नाही. तू गेलीस तेव्हा मी पोटभर रडले. मग एका सकाळी चहा गाळताना एकदम मनात आलं, चला, आता हिला हात वर करता येणार नाही. आता बसून ऐकून घ्यावं लागेल. आणि मला चक्क हसू फुटलं. ह्यांनी स्वयंपाकघरात डोकावून विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काय नाय."

तर मला तुझे आभार मानायचे आहेत, माझ्या सुनेबद्दल. मी सुरुवात केली की तू विषय बदलायचीस, दुधाचं काय झालं विचारायचीस, नाहीतर सरळ उठून चप्पल घालायचीस. आज सगळं पहिल्यापासून सांगणार आहे. तुझ्या वर्गातली मुलंही हे वाचतील, आणि त्यांना यातलं अर्धंच माहीत आहे.

आपण दोघींनी देवरूखच्या एकाच शाळेत जन्म काढला. तू इंग्रजी शिकवायचीस, मी मराठी. शिक्षकांच्या खोलीत आपल्या खुर्च्या शेजारी शेजारी ज्यानं लावल्या त्याला पुढे पश्चात्ताप झाला असणार. किती भांडलो आपण! नवऱ्यांवरून नाही, सासवांवरून नाही. भांडण काय, तर एखादी गोष्ट उडवून लावायची झाली तर कुठली भाषा जास्त झोकात उडवते. यात इंग्रजीचा हात धरणारं कोणी नाही, हा तुझा हट्ट. खुर्चीवरून उठून तू करून दाखवायचीस. साडीवर सांडलेला चिवडा बोटांनी उडवलास, ते 'ब्रश ऑफ'. खांदे कानापर्यंत नेऊन सोडलेस, ते 'श्रग ऑफ'. हवेत हात फिरवलास, 'वेव्ह अवे'. उगाचच खो खो हसलीस, 'लाफ ऑफ'. "बघ शैले," म्हणायचीस, "प्रत्येकाला वेगळा अवयव आहे. क्रियापद ऐकलं की अंग हलतं. तुमच्यात काय आहे?"

मी कुठली गप्प बसतेय! "आमच्यात झटकून टाकतात, उडवून लावतात, हसण्यावारी नेतात, कानाआड करतात. आणि अगदीच नको असेल तर वाटाण्याच्या अक्षता लावतात. आहे का तुझ्या इंग्रजीत वाटाणा?"

वाटाण्यापाशी तू दर वेळी अडायचीस. पण हार मानशील तर ती तू कसली. चहाचा घोट घ्यायचीस, खांदे उडवायचीस आणि म्हणायचीस, "आय श्रग इट ऑफ." विज्ञानाचे सर वैतागून प्रयोगशाळेत जाऊन बसायचे.

एक गोष्ट मात्र तू तेव्हाच सांगितली होतीस. ही सगळी क्रियापदं वापरताना पुढे काय ठेवतोय ते बघायचं, म्हणालीस. कोणी केलेली टीका झटकली, उगाचची काळजी झटकली, तर आपण हलके होतो. पण पुढे माणूस ठेवला आणि त्यालाच 'ब्रश ऑफ' केलं, तर ते माणूस दुखावतं, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. मी म्हटलं, हे काय शाळा शिकलेल्या बाईला सांगायला हवं? उरलेला चहा संपवलास आणि नववीच्या वर्गावर गेलीस.

मग आपण दोघीही निवृत्त झालो आणि माझ्या निखिलचं लग्न झालं. तो मेलबर्नला नोकरीला, आणि सून तिथलीच, एमा. लग्न तिकडेच झालं. आम्ही जाऊन फोटोत उभे राहून आलो. पोरगी गोड होती, पण माझं इंग्रजी पुस्तकातलं आणि तिचं तोंडातलं, त्यामुळे आमचा संवाद म्हणजे एकमेकींकडे बघून हसणं. पुढच्या मे महिन्यात दोघं इकडे यायची ठरली. त्याआधी एमानं मला व्हिडिओ कॉल लावला, एकटीनंच, निखिल कामावर असताना. सासूशी स्वतःहून बोलावं म्हणून. चेहरा असा फुललेला! म्हणाली, मी तुमच्या झाडांचे आंबे खायला येतेय.

आता तूच सांग, संगमेश्वर तालुक्यात वाढलेलं कुठलं माणूस यावर 'हो, ये, भरपूर आहेत' असं म्हणेल? आपल्याकडे फांद्यांना बांबूचे टेकू लावायची पाळी आलेली असते, आणि विचारणाऱ्याला सांगायचं, यंदा काही खरं नाही. मोहोर गळला, उरलेला माकडांनी नेला. दृष्ट लागू नये म्हणून म्हणतात की पाऊस मध्येच पडला तर तोंडघशी पडू नये म्हणून, कोण जाणे. पण याला खोटं बोलणं कोणी म्हणत नाही. ऐकणारा मनात बरोबर उलटं समजून घेतो आणि रिकामी पिशवी घेऊन येतो. मी पण माझ्या आईनं सांगितलं असतं तसंच सांगितलं, फक्त इंग्रजीत. "नो मँगो धिस इयर. व्हेरी बॅड. नथिंग."

एमानं ते खरं मानलं. मानणारच. तिला सासूची दया आली गं, कुंदा! विमानातून उतरल्यावर तिनं मुंबईच्या बाजारातून हापूसच्या दोन पेट्या घेतल्या. निखिलनं विचारलं तर म्हणाली, सरप्राइज आहे. आणि त्या पेट्या गाडीत स्वतःच्या पायांशी जपत, रस्ताभर आंब्यांच्या गाड्या समोरून मुंबईकडे जात असताना, ती रत्नागिरी जिल्ह्यात आंबे घेऊन आली.

अंगणात उतरली ती पेटी छातीशी धरूनच. पडवीत पाय टाकला आणि थबकली. पडवीभर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पेंढ्यात आमच्या कलमांचे आंबे पिकत घातलेले. वास तर गेटापर्यंत येत होता. आणि मी काय केलं? मी आनंदानं वेडी झाले होते, म्हणून जे आपल्याकडे आनंदानं म्हणतात तेच म्हटलं, कशाला आणलंस उगाच. "व्हाय यू ब्रॉट? नो नीड, नो नीड!" पेट्या तिच्या हातातून घेतल्या आणि कोपऱ्यात सरकवल्या. पाहुण्यानं आणलेलं त्याच्यासमोर उघडायला आपण काय हपापलेलो असतो? जेवताना ती म्हणाली, फणसाची भाजी फार छान झालीय. मी म्हटलं, "नो, नो. बॅड. सॉल्ट लेस." म्हणाली, तुमची साडी सुंदर आहे. मी म्हटलं, "ओल्ड. व्हेरी ओल्ड." संध्याकाळपर्यंत ती पोरगी बोलायची बंद झाली.

निखिल स्वयंपाकघरात आला, दाराशी उभा राहिला. "आई, तिला वाटतंय ती तुला नकोय. आंबे असून नाहीत म्हणालीस, तिनं येऊ नये म्हणून. आणलेले बाजूला टाकलेस. काहीही चांगलं म्हटलं की हात झटकतेस. ती विचारतेय, उद्याच मुंबईला परत जायचं का."

मी त्याला समजावलं, त्यानं तिला समजावलं, पण नवरा आईची बाजू घेतोय असंच तिला वाटणार. मला जाऊन तिच्याजवळ बसायचं होतं आणि माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. तेव्हा मी तुला फोन केला. आठवतंय, मी काय बोलले? "कुंदा, मी माणूस झटकलं गं."

सकाळी तू आलीस, पदर खोचून, हातात छत्री. पडवीतच सगळी हकिगत ऐकलीस, आणि मला वाटलं आता ही मला बोल लावेल. तू पेंढ्याशेजारी फतकल मारलीस आणि हसायला लागलीस. एवढी हसलीस की चष्मा काढून ठेवावा लागला. "मुंबईचा हापूस देवरूखला! अगो शैले, हे म्हणजे पोफळीला बॅटरी घेऊन जाणं झालं!" तुझं लहानपण पोफळीच्या वसाहतीत गेलं, वडील तिथल्या वीजघरात कामाला. म्हणून तुला बॅटरी सुचली. आम्ही मात्र कोणी हसलो नाही. एमा पायरीवर पाठमोरी बसली होती.

तू जाऊन तिच्या शेजारी बसलीस आणि म्हणालीस, "शी इज नॉट ब्रशिंग यू ऑफ. शी इज ओन्ली प्लेइंग डाउन हर मँगोज."

मला त्यातलं पहिलं अर्धं कळलं, दुसरं नाही. एमाला दोन्ही कळली, पण पटली नव्हती. मग तू उठलीस, पेंढ्यातला एक चांगला पिवळाधमक आंबा उचललास, तिच्यासमोर ठेवलास आणि त्याच्यावर मूठ मूठ पेंढा टाकत गेलीस, दिसेनासा होईपर्यंत. हे 'प्ले डाउन'. आंबा तेवढाच आहे, पण आम्ही दाखवत नाही. कोणालाच नाही. आणि मग म्हणालीस, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः बघ.

तेवढ्यात वरच्या वाडीतला बाबू टेम्पो घेऊन चढणीला लागला. मागे क्रेटवर क्रेट, दोरीनं आवळलेले, वरच्या क्रेटातले आंबे रस्त्यावरून दिसताहेत. तू छत्री आडवी धरून त्याला थांबवलंस. "काय रे बाबू, यंदा आंबा कसा?"

बाबूनं कपाळाला हात लावला. "कसला आंबा नि कसलं काय, बाई! मोहोरच गेला समदा. यंदा काय पण नाय."

तू शब्दन् शब्द इंग्रजीत करून सांगितलास, चेहरा गंभीर ठेवून. एमानं बाबूकडे पाहिलं, मग क्रेटांकडे, मग परत बाबूकडे. बाबू बिचारा सुतकी तोंडानं गिअर टाकून निघून गेला. आणि नशीब बघ, त्याच वेळी हे परसातून आले, खांद्यावर आंबे काढायची घळ आणि हातात टोपली काठोकाठ भरलेली. एमाच उठली. आपल्या मोडक्या मराठीत विचारलंन, "बाबा, आंबा?"

हे टोपली खाली ठेवत म्हणाले, "काय नाय यंदा."

कुंदा, ती जी हसली! पायरीवर बसून, पोट धरून. तू हसलीस, निखिल हसला, हे मात्र 'काय झालं, काय झालं' करत उभे. मग ती माझ्याकडे आली आणि गळ्यात पडली, आणि मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. तू मागून ओरडलीस, "रडणं पुरे. आधी तिची पेटी उघड. एक काप खा आणि थँक यू म्हण. फुल स्टॉप. पुढे एक अक्षर बोललीस तर याद राख."

एवढं कठीण वाक्य मी जन्मात बोलले नव्हते. खरं सांगायचं तर आंबा फिक्का होता. माझ्या तोंडावर ते दिसलं असावं, कारण तू डोळे वटारलेस. मी म्हटलं, "थँक यू." आणि तोंड मिटून घेतलं. एमाचे डोळे भरून आले. एवढ्याशानं.

ती दोघं परत गेल्यावर तू मला तुझ्या वर्गात नेऊन बसवलंस. तुझ्या पडवीत दुपारचा तो इंग्रजी बोलायचा वर्ग, नर्सिंगला जाणाऱ्या मुली, हॉटेलात लागणारी, दुकान चालवणारी पोरं, आणि त्यांच्यात मी, केस पांढरे झालेली विद्यार्थिनी. तिथे अर्थ सांगायची परवानगी नव्हती. करून दाखवायचं. तू एकेक वाक्य फेकायचीस आणि आम्ही ठरवायचं, याचं काय करायचं. 'शेजारीण म्हणाली, तू काळी आहेस.' सगळ्यांचे खांदे वर, श्रग ऑफ. 'मित्रानं चेष्टा केली.' हसा, लाफ ऑफ. 'आईनं सांगितलं डोळे तपासून घे.' इथे कोणी हसलं की तू पट्टी आपटायचीस, हे हसण्यावारी न्यायचं नाही. आणि मग हळू आवाजात, 'तू छान गातेस.' यावर काय करायचं? काहीच नाही. दोन्ही हात मांडीवर. हे सगळ्यात अवघड होतं. आमचे हात आपोआप वर यायचे आणि तू ते एकेकाचे धरून मांडीवर ठेवायचीस.

आणि तुझा तो नियम! कौतुक कोणी झटकलं की बाकी सगळ्या वर्गानं त्याच्या वतीनं ओरडायचं. वर्गातल्या प्रणालीचं वाचून झाल्यावर तू म्हणालीस, "छान वाचलंस," ती म्हणाली, "नाय ओ मॅडम, किती चुकलं," आणि आम्ही सगळे एका दमात, "थँक यू! फुल स्टॉप!" शेजारच्या गोठ्यातली म्हैस दचकून उठायची. तो आरडाओरडा मला इतका आवडायचा, की मी कधीकधी मुद्दाम कौतुक झटकायची.

फक्त तुझ्यावर हा नियम कोणी चालवला नाही. वर्गात कोणी तुला काही चांगलं म्हटलं की तुझाच हात वर, "हट्!" मी एकदा विचारलंही, नियम मॅडमना नाही का? तू म्हणालीस, "मी शिकवते. शिकवणाऱ्याला सूट असते." काय पण उत्तर!

इकडे मी शिकत होते आणि तिकडे एमा. दर रविवारी तिचा फोन. मी तिच्या प्रत्येक चांगल्या शब्दाला थँक यू म्हणून तोंड मिटायला लागले, आणि काय गंमत बघ, तोंड मिटल्यावर ती जास्त बोलायला लागली. तिची आई, तिची नोकरी, निखिल घोरतो ते, सगळं. पण तिनं आपल्याकडून काय उचललं? तिच्या ऑफिसात लोकांनी तिच्या सोलकढीचं कौतुक केलं तर ही बया म्हणते, "काय नाय ओ!" मी तुला कौतुकानं सांगायला आले तर तू कपाळावर हात मारलास. "एक बरी करायला घेतली तर तू दुसरी बिघडवलीस!"

त्यावरून आपलं पुन्हा जुंपलं. मी म्हटलं, यात बिघडलं काय? कमी सांगणं ही आपल्याकडची रीत आहे, सभ्यता आहे. तेव्हा तू मला ती नारळाची गोष्ट सांगितलीस. तुझ्या लहानपणी कसल्याशा कार्यक्रमात तुझ्या वडिलांचा सत्कार ठरला होता. बिघडलेला भोंगा ऐन वेळी त्यांनी दुरुस्त केला म्हणून. पाहुणे नारळ घेऊन पुढे आले, दोन शब्द बोलले, आणि तुझे वडील हात जोडून म्हणाले, मी काय नाय केलं साहेब. पाहुणा बाहेरचा. त्यानं ते खरं मानलंन आणि हातातला नारळ शेजारी उभ्या असलेल्या माणसाला देऊन टाकलान. वडील वाटभर हसत घरी आले. "पण मला त्या नारळाच्या वड्या खायच्या होत्या गं," तू म्हणालीस, आणि स्वतःही हसलीस. मग म्हणालीस, "आपल्याला कमी लेखायला लोक टपून बसलेत, शैले. माझ्या बाबांना तर जन्मभर कमी लेखलं. त्यात आपण स्वतः कशाला हातभार लावायचा?"

माझ्या घरात नारळ कधी शेजारच्याला गेला नव्हता, म्हणून मला ही रीत नुसती गोड वाटायची. पण भांडण काही मिटलेलं नाही हं. मला परवा उत्तर सुचलं. आंबा पिकतो तो पेंढ्यातच ना? झाकला म्हणूनच गोड होतो. हे तुला सांगायला हवं होतं. आणि तू काय म्हणशील तेही मला ऐकू येतंय, "पिकतो, पण कोणीतरी वेळेवर पेंढा बाजूला करावा लागतो, नाहीतर कुजतो." बरं. हा मुद्दा तुझा.

आता जे बोलायचंय ते बोलते, कारण तुझ्यावर रागही आहे. बाजारातून येताना तू चढावर थांबायला लागलीस. मी म्हटलं, कुंदा, डॉक्टरकडे जाऊ या. तू म्हणालीस, "काय नाय गं, चढ आहे म्हणून." पुन्हा थांबलीस, मी पुन्हा म्हटलं, तू हसलीस. पोरांपुढे पट्टी आपटून सांगायचीस, हे हसण्यावारी न्यायचं नाही, आणि स्वतः काय केलंस? वर्गात तुझ्यावर नियम चालवायला कोणी धजलं नाही, ठीक आहे. पण निदान एवढ्या एका बाबतीत मी तुझे हात धरून मांडीवर ठेवायला हवे होते, असं मला रात्रंदिवस वाटत राहिलं. सिद्धार्थ म्हणाला, "मावशी, मुंबईहून मीही रोज सांगत होतो. आई कोणाचं ऐकणाऱ्यातली होती का?" नव्हतीसच. तुझ्या मुलानं सांगितलं म्हणून मी तो भार खाली ठेवलाय. राग मात्र ठेवणार आहे, थोडासा, तुझ्या आठवणीसाठी.

परवा तुझं पुण्यानुमोदन झालं. तुझ्याच अंगणात मांडव, तथागतांच्या मूर्तीशेजारी तुझा फोटो, पांढरी फुलं. फोटो निवडताना सिद्धार्थला घाम फुटला म्हणे, कारण प्रत्येक फोटोत तुझा हात कॅमेऱ्याला नको नको करत वर. शेवटी एक सापडला, आधारकार्डासाठी काढलेला, हात चौकटीबाहेर राहिलेला. बौद्धाचार्यांनी वंदना घेतली, मग एकेक जण बोलायला उठला. मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, हसतमुख, सगळे ठरलेले शब्द. खरे होते, पण तुझे वाटत नव्हते. वर्गातली पोरं मागे सतरंजीवर गप्प बसली होती. मग माझं नाव घेतलं.

मी काय बोलायचं ते पाठ करून गेले होते. उभी राहिले, फोटोकडे पाहिलं आणि म्हटलं, "कुंदा, माझी सून..." आणि थांबले. सवयीनं थांबले. इतकी वर्षं त्या वाक्याच्या नेमक्या तिथेच तुझा हात वर यायचा. मी वाट बघत उभी राहिले आणि हात काही आला नाही. लोकांना वाटलं, बाईंना रडू आलं.

आणि मागून प्रणालीचा आवाज आला, बारीक, भीत भीत. "थँक यू."

मग सगळ्या सतरंजीनं, एका दमात, गोठ्यातली म्हैस उठेल एवढ्या जोरात, "थँक यू! फुल स्टॉप!"

तुझ्या वतीनं, कुंदा. शेवटी नियम तुझ्यावर चालला. बौद्धाचार्य चमकून बघायला लागले, पाहुणे एकमेकांना विचारायला लागले, सिद्धार्थ डोळे पुसत हसत होता, आणि पोरं रडत रडत हसत होती. त्या गोंधळात मी तशीच खाली बसले. वाक्य अर्धंच राहिलं.

मांडवातलं जेवण उरकून मी एकटीच चालत निघाले. चढावर, तू थांबायचीस त्याच वळणावर, मागून बाबूचा टेम्पो आला आणि हळू झाला. यंदा आमची कलमं लगडलीत, रस्त्यावरून दिसतात. तरी बाबूनं खिडकीतून डोकं काढून रीतीप्रमाणे विचारलं, "काय काकू, यंदा आंबा कसा?"

माझ्या ओठावर आलेलंच होतं. पण मी हात खाली धरले आणि म्हटलं, "भरपूर आहे, बाबू. फांद्या मोडतायत. ये खायला, पोरांना घेऊन ये."

बाबूनं इंजिन बंद केलं. माझ्याकडे टक लावून बघितलं, आणि खाली उतरून अगदी हळू आवाजात म्हणाला, "काकू, बरं नाय काय वाटत? घरी सोडू?"

मला जे हसू लोटलं! हसत हसत मी तुला सांगायला डावीकडे वळले, तू चालायचीस त्या बाजूला. तिथे नुसता रस्ता होता. पण हातही वर आलेला नव्हता. तेव्हा तिथेच उभी राहून, बाबू बघत असताना, मी मोठ्यानं ते पुरं केलं. कुंदा, माझी सून आज माझी आहे ती तुझ्यामुळे. फुल स्टॉप.